स्क्रीनमागच्या त्या दोन सहांबद्दल

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू रविवारी रात्रीच वाचला. उत्तराला दोन दिवस लागले, कारण त्या टेबलाच्या गेम मास्टरशी, म्हणजे गोष्ट सांगून खेळ चालवणाऱ्याशी, समोरासमोर बोलल्याशिवाय मला काही लिहायचं नव्हतं. काल त्याच्याशी बोललो, त्याची वही पाहिली.

बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. ताईंचा १३ वर्षांचा मुलगा आणि त्याचे तीन मित्रमैत्रिणी शनिवारी आमच्या कॅफेत डंजन्स अँड ड्रॅगन्स हा, एकेक पात्र घेऊन फाशांच्या आधारे गोष्ट पुढे नेण्याचा खेळ खेळायला आले होते, माणशी ५०० रुपये भरून. ताईंचं म्हणणं असं, की गेम मास्टर चार तास पुठ्ठ्याच्या भिंतीआड (यालाच आम्ही स्क्रीन म्हणतो) बसून स्वतःच फासे टाकत होता. एका मुलीनं दाराला सापळा आहे का विचारलं, तर त्यानं खरं सांगितलं नाही. आणि मुलाच्या जादूगारावर वार झाला तेव्हा फाशांवर एक आकडा होता, तोंडानं त्यानं दुसराच सांगितला. "तो घरी येऊन म्हणाला, आई, मला कच्चा लिंबू केलं," असं ताईंनी लिहिलंय. आणि शेवटी, पैसे घेऊन फसवणूक.

त्या वारापासूनच सुरुवात करतो, कारण तिथे तुमचा मुलगा शंभर टक्के बरोबर आहे.

झालं ते असं. खेळ सुरू होऊन जेमतेम पाऊण तास झाला होता. गॉब्लिन नावाच्या एका छोट्या राक्षसानं तलवार उगारली, गेम मास्टरनं स्क्रीनमागे २० बाजूंचा फासा टाकला आणि २० पडले. २० पडले की चिलखत कितीही जाड असो, वार लागतोच, आणि इजेचे फासे दुप्पट होतात. गॉब्लिनच्या तलवारीला एरवी एक सहा बाजूंचा फासा आणि वर २. आता दोन फासे आणि वर २. "वीस!" ऐकून तुमचा मुलगा खुर्चीतून उठला, पुढे वाकला, आणि त्याला ते दोन फासे दिसले. सहा आणि सहा. म्हणजे १४. गेम मास्टरनं वरून हात धरला, "बघायचं नाही" म्हणाला, आणि सांगितलं, "नऊ."

पहिल्या, म्हणजे अगदी सुरुवातीच्या पातळीच्या त्या जादूगाराकडे जिवाचे होते सात पॉइंट. नऊ लागले तर तो बेशुद्ध पडतो, वाचायची संधी राहते. १४ लागले तर सात संपून वर सात उरतात, आणि उरलेला आकडा पात्राच्या पूर्ण पॉइंटांइतका (इथे सात) झाला की नियमानुसार पात्र जागीच मरतं. एका वारात २० आणि त्यावर दोन सहा, हे ७२० वारांत सरासरी एकदा होतं. ते नेमकं त्याच्या वाट्याला आलं. आमच्या गेम मास्टरला दिसत होतं की या मुलानं अर्धा तास बसून जादूगाराचं नाव, टोपी, झोळी सगळं रंगवलंय. त्याला वाटलं, पोरगं हिरमुसेल. म्हणून त्यानं पाच पॉइंट गिळले.

त्यानंतर मुलानं जीव वाचवायचे फासे सगळ्यांसमोर स्वतः टाकले. वहीत आकडे आहेत: १२, ४, १७, ११. दहा किंवा वर पडलं की यश, तीन यशं मिळाली की वाचला. शेवटच्या ११ला बाकीची तिघं ओरडत उभी राहिली. तो बसूनच होता. गेम मास्टरला वाटलं, दमला असेल. तुमचा रिव्ह्यू वाचेपर्यंत आम्हाला खरं कारण कळलंच नव्हतं. त्याला माहीत होतं की आपण मुळात त्या फाशांपर्यंत पोचायलाच नको होतो.

कच्चा लिंबू हा शब्द मला फार लागला. लहानपणी वाड्यात लपंडाव खेळताना मीही कच्चा लिंबू होतो, आणि आपल्यावर राज्य येत नाही हे लक्षात आलं की पळण्यात मजा राहत नाही. त्याच्या वाट्याचं राज्य आम्ही त्याला घेऊ दिलं नाही. हे चुकलं. त्याची माफी मागतो, आधी त्याची आणि मग तुमची.

फसवणूक हा शब्द मात्र मी तसाच मान्य करून पुढे जाऊ शकत नाही. या खेळाच्या २०१४च्या डंजन मास्टर्स गाइड या गेम मास्टरसाठीच्या पुस्तकातच लिहिलंय, की स्क्रीनमागे फासे टाकले तर वेळप्रसंगी निकाल बदलता येतो, फक्त फार वेळा करू नका आणि खेळणाऱ्यांना कळू देऊ नका. आमच्या गेम मास्टरनं पुस्तकात वाचलं तेच केलं. वर्षानुवर्षं एकत्र खेळणाऱ्या मित्रांच्या टेबलावर ते चालतही असेल. पण पैसे भरून पहिल्यांदा आलेल्या मुलांच्या टेबलावर ते चालता कामा नये, असं माझं आता ठाम मत झालंय. त्यातून, त्याच नियमांत उघड वाट होती. जवळून केलेल्या वारानं समोरचा शून्यावर आला, तर वार करणारा त्याला ठार न करता बेशुद्ध करू शकतो. दोन सहा टेबलावर तसेच ठेवून गॉब्लिन म्हणू शकला असता, "याला जिवंत धरा." जादूगार कैदी झाला असता, बाकीच्यांना त्याला सोडवायला जावं लागलं असतं, आणि कुणी कुणाशी खोटं बोललं नसतं. काल हे बोलताना गेम मास्टर बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मला सुचलंच नाही."

आता स्क्रीन. "तो पुठ्ठा आधी काढून टाका" असं तुम्ही लिहिलंय. तो मी काढणार नाही, आणि का ते तुमच्या त्या दाराच्याच उदाहरणावरून सांगतो.

त्या मुलीनं दार तपासलं. गेम मास्टरनं तिच्या वतीनं स्क्रीनमागे फासा टाकला आणि म्हणाला, "तुला काही दिसत नाही." सापळा होता. सापडायला १५ हवे होते, फाशाचा आकडा आणि तिच्या पात्राचं कौशल्य धरून सहाच झाले. हाच फासा तिनं सगळ्यांसमोर टाकला असता तर? चार पडलेले बघून कुणीच त्या "नाही"वर विश्वास ठेवला नसता. १८ पडले असते तर सगळे बिनधास्त आत शिरले असते. दोन्हीकडे दाराची भीती संपली. त्याऐवजी चौघं त्या दारासमोर दहा मिनिटं वाद घालत बसली आणि शेवटी दहा फुटी काठीनं दार लांबून ढकललं. बाण रिकाम्या जागेतून गेले. तुमच्या मुलाला विचारा, ही काठीची कल्पना त्याचीच होती. गेम मास्टर तिथे खोटं बोलला नाही. तिच्या पात्राला जेवढं दिसलं तेवढंच त्यानं तिला सांगितलं.

स्क्रीन आहे तो यासाठी. त्याच्याआड गुहेचा नकाशा असतो, कोणत्या खोलीत कोण बसलंय ते असतं, राक्षसाचे किती पॉइंट उरलेत ते असतं. आतल्या बाजूला तक्ते छापलेले असतात: सोपं काम १०, मध्यम १५, कठीण २०, आंधळं झालं तर काय, आडवं पडलं तर काय. म्हणजे दर पाच मिनिटांनी पुस्तक उघडावं लागत नाही. हे काही आमचं खूळ नाही. खेळ १९७४मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनीव्हा गावातून बाहेर पडला, आणि १९७७मध्ये इलिनॉयच्या डेकेटरमधल्या जजेस गिल्ड या छोट्या कंपनीनं असा पुठ्ठ्याचा स्क्रीन विकायला काढला. मूळ कंपनीनं स्वतःचा काढला तो १९७९मध्ये. तेव्हापासून तो टेबलावर आहे. तुमच्या मुलाला हात आडवा धरून थांबवलं तेही नकाशा उघडा होता म्हणून. पण त्याच हाताखाली ते दोन सहाही झाकले गेले, त्यामुळे हे कारण सांगताना मलाच संकोच वाटतो.

पात्राला जे कळू शकत नाही तेवढंच पडद्याआड राहावं. गॉब्लिनची तलवार जादूगाराला किती लागली हे जादूगाराला कळतंच; मग तो फासा लपवायचं कारण काय?

म्हणून या आठवड्यापासून आमच्या सगळ्या टेबलांवर हल्ल्याचे आणि इजेचे फासे स्क्रीनच्या पुढे, लाकडी ट्रेमध्ये, सगळ्यांना दिसतील असे पडतील. मागे काय टाकलं जाईल आणि का, हे गेम मास्टर खेळ सुरू व्हायच्या आधी सांगेल. नवख्या मुलांसाठी काही सवलत द्यायची असेल, उदाहरणार्थ पहिल्या पातळीला जागीच मरण नाही, तर तीही आधी सांगून, सगळ्यांना विचारून. फासा पडल्यावर नाही. पात्र मेलंच तर दहा मिनिटांत नवीन घेता यावं म्हणून तयार पात्रांचे कागद आमच्याकडे असतात. ते त्या दिवशीही कपाटात होते.

तुमचा मुलगा टेबलाच्या टोकाला बसला होता आणि उभ्या स्क्रीनमुळे त्याला गेम मास्टरचा चेहरा दिसत नव्हता, ही तुमची तक्रारही रास्त आहे. आता आडवा, बुटका स्क्रीन वापरतोय.

त्याचे ५०० रुपये आज परत पाठवले आहेत. रिव्ह्यू बदला असं मी म्हणणार नाही.

जादूगाराचा कागद आमच्याकडेच राहिलाय, टोपीच्या चित्रासकट. गेम मास्टरला मुलाशी स्वतः बोलायचंय, तुमची हरकत नसेल तर. आणि त्या वाराचं काय करायचं, हे आता मुलानंच ठरवावं: १४ धरून जादूगार गेला, की गॉब्लिनांनी त्याला धरून नेलं. तो जे म्हणेल ते वहीत लिहू आणि तिथून पुढे खेळू. बाकीच्या तिघांनी येत्या शनिवारचं टेबल मागितलंय. चौथी खुर्ची मी शुक्रवार संध्याकाळपर्यंत कुणाला देत नाही.