मावशी, तो मेसेज खोटा आहे

काल रात्री पंचवटीतल्या मावशीने मला एक फॉरवर्ड पाठवला. "न्यायाधीश एकदा परीक्षा पास झाले की पुरे. ट्रेनिंगच्या नावाखाली सहली काढतात, म्हणून तारखा पडतात. वर 'सामाजिक प्रश्न' शिकवून सरकार त्यांची डोकी फिरवतं." खाली तिची ओळ: "माझं काम म्हणूनच अडलंय ना रे?"

निफाडकडच्या वडिलोपार्जित द्राक्षबागेच्या वाटपाचा तिचा दावा चालू आहे. नेमकं तिलाच हे पटावं, याचा मला संताप आला.

"एकदा पास झाले की पुरे" हे वाक्य तर तिच्याच मुळावर येणारं आहे. आजोबा 1999 मध्ये गेले. मुलींना मुलांइतकाच जन्मसिद्ध हक्क देणारी हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती 9 सप्टेंबर 2005 ला लागू झाली. 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, त्या दिवशी वडील हयात असतील तरच. म्हणजे मावशीला मामाच्या बरोबरीचा वाटा नाही. मग 11 ऑगस्ट 2020 ला विनीता शर्मा खटल्यात तिघा न्यायमूर्तींनी ते मोडीत काढलं: हक्क जन्माने येतो, वडील तेव्हा हयात असण्याची गरज नाही. कलमातलं अक्षरही बदललं नव्हतं, बदलला तो अर्थ. 2016 मध्येच वाचन थांबवलेल्या न्यायाधीशाने मावशीला काय दिलं असतं? मामा आजही हक्कसोडीचा कागद पुढे करतो, तो त्याच जुन्या समजुतीवर.

फौजदारीत तर 1 जुलै 2024 पासून नवी न्याय संहिता आहे. खुनाचं कलम 302 होतं, ते 103 झालं. आधीच्या गुन्ह्यांना मात्र जुनाच कायदा लागतो, त्यामुळे न्यायाधीशांना दोन्ही लागतात.

'सामाजिक प्रश्न' कशाला? 2020 मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने विनयभंगाच्या आरोपीला जामीन देताना अट घातली की त्याने फिर्यादी बाईच्या घरी जाऊन राखी बांधून घ्यावी. ज्याच्याविरुद्ध तक्रार केली, तोच दारात! सर्वोच्च न्यायालयाने 18 मार्च 2021 ला ती अट रद्द केली आणि न्यायाधीशांना याबाबतचं प्रशिक्षण द्यायला सांगितलं.

सरकार शिकवतं, हेही चूक. भोपाळच्या राष्ट्रीय न्यायिक अकादमीला पैसा केंद्राचा असला, तरी अध्यक्ष देशाचे सरन्यायाधीश असतात.

तारखांचं थोडं खरं आहे, मान्य करतो. साहेब ट्रेनिंगला गेले की बोर्डावरच्या प्रकरणांना पुढची तारीख पडते. मावशीचीही एक अशीच गेली. ही शिबिरं सुट्टीच्या काळात घ्यावीत, हे माझंही म्हणणं आहे. पण दहा लाख लोकांमागे 50 न्यायाधीश हवेत, असं सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये सांगितलं होतं. आजही त्याच्या निम्मे नाहीत. वर्षानुवर्षं तारखा पडतात त्या यामुळे.

मावशी, पुढच्या तारखेला मी येतोय. विनीता शर्मा निकालाची प्रत वकिलांनी दाखल केली आहे का, तेवढं आज विचारून ठेव.