रेडिओथेरपीनंतर मानेतील धमनीतून होणारा रक्तस्राव : खुलासा

तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगासाठी रेडिओथेरपी घेतलेल्या रुग्णाची मानेतील धमनी फुटली तर उपायच नसतो, आणि थोडे रक्त येऊन आपोआप थांबले तर काळजीचे कारण नाही, असा मजकूर सध्या फिरत आहे. दोन्ही विधाने चुकीची आहेत. दुसरे तर जिवावर बेतणारे आहे. किरणांमुळे कॅरोटिड धमनीच्या (मानेतून मेंदूकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या धमनीच्या) भिंतीला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या बंद होत जातात, भिंत कमकुवत होते, आणि त्यात जखम उघडी राहिली किंवा जंतुसंसर्ग झाला की ती फाटू शकते; मात्र त्याआधी पुष्कळदा थुंकीतून किंवा जखमेच्या पट्टीवर लालभडक रक्त येऊन थांबते. हा इशारा समजून विनाविलंब मोठे रुग्णालय गाठावे. तेथे जांघेतील धमनीतून नळी सरकवून फुटलेली जागा कॉइलने (धातूच्या बारीक तारेच्या वेटोळ्याने) बंद करता येते किंवा आच्छादित स्टेंट (फाटलेली जागा आतून झाकणारी, आवरण असलेली जाळीदार नळी) बसवता येतो. धमनी कायमची बंद केल्यास पक्षाघाताचा धोका असतो, म्हणून वेळ असेल तर तिच्यात फुगा फुगवून मेंदूला दुसऱ्या बाजूने रक्त पुरते का, हे डॉक्टर आधी पाहतात. स्टेंटमध्ये रक्तप्रवाह चालू राहतो, पण संसर्ग झालेल्या जागी पुन्हा रक्तस्राव होऊ शकतो. वाटेत बाहेरची जखम स्वच्छ कापडाने सतत दाबून धरावी. कापड उचलून पाहू नये.