विचार करायला शिकवणारा दोन क्रेडिटचा विषय

गेल्या रविवारी आमच्या आजोळच्या ग्रुपवर भांडण झालं आणि ते अजून डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितेय. माझा मामेभाऊ, म्हणजे दादा, सांगली जिल्ह्यातल्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवतो. त्यानं ग्रुपवर टाकलं की यंदा त्यांच्याकडं क्रिटिकल थिंकिंगचा दोन क्रेडिटचा विषय आलाय, पन्नास मार्क, त्यातले बरेचसे एमसीक्यू, आणि शिकवायला दुसरं कुणी नाही म्हणून तो त्याच्याच गळ्यात पडलाय. मामा म्हणाले चांगलंच झालं, हल्लीच्या पोरांना डोकं चालवायची सवयच राहिली नाही, सगळं मोबाइलला विचारतात. मावशीनं चॅटजीपीटीवर बंदीच घातली पाहिजे असं लिहिलं, त्यावर चार जणांचे अंगठे आले. मग मी इथं बर्लिनमधून लिहिलं की चार पर्यायांतला एक गोल काळा करून कुणी विचार करायला शिकत नाही, आमच्याकडं असला विषयच नसतो तरी पोरं विचार करतात. दादाचं उत्तर लगेच आलं, "आमच्याकडं म्हणजे कुठलं गं? आणि तिकडं बसून बोलायला काय जातंय."

मला राग आला, खोटं कशाला बोलू. पण मी बोलले ते चुकीचं होतं असं मला आजही वाटत नाही.

मी मेकॅनिकल केलं पुण्यात, २०१० ला पास झाले, फर्स्ट क्लास विथ डिस्टिंक्शन. ज्यांनी पुणे युनिव्हर्सिटीतून इंजिनीअरिंग केलंय त्यांना आमची चार वर्षं सांगायला नकोत. अप्पा बळवंत चौकातून लोकल ऑथरची पुस्तकं आणायची, मागच्या पाच वर्षांचे पेपर सोडवायचे, सिनियरनी टिक करून दिलेले आयएमपी पाठ करायचे, आणि सबमिशनच्या आठवड्यात रात्रभर जागून ड्रॉइंगच्या शीटा काचेखाली ट्यूबलाइट लावून जीटी मारायच्या, म्हणजे दुसऱ्याच्या शीटवरून छापायच्या. स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सच्या पेपरात एक थिअरीचा प्रश्न हमखास यायचा, सिंपल बेंडिंग थिअरीची (बीम, म्हणजे तुळई, कशी वाकते त्याची) असम्प्शन्स, म्हणजे गृहीतकं, लिहा. मला ती सगळी तोंडपाठ होती, वाकण्याआधी सपाट असलेला छेद वाकल्यावरही सपाटच राहतो वगैरे, आजही झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. त्याचे पूर्ण मार्क मला मिळाले.

२०११ च्या शेवटी मी बर्लिनला मास्टर्सला आले आणि पहिल्याच तोंडी परीक्षेत प्रोफेसरांनी कागदावर एक बीम काढला. लांबी आणि उंची जवळजवळ सारखीच, म्हणजे बीम कसला, ठोकळाच तो. म्हणाले याचं डिफ्लेक्शन किती येईल, म्हणजे वजनानं हा किती वाकेल. मी फॉर्म्युला लिहिला, आकडे घातले, तीन दशांश स्थळांपर्यंत उत्तर काढलं. ते म्हणाले गणित बरोबर आहे, आता हा फॉर्म्युला इथं चालतो का ते सांगा. मी गप्प. मला प्रश्नच कळला नाही, फॉर्म्युला असतो तो चालतोच ना. मग ते म्हणाले हा फॉर्म्युला काय काय धरून चाललाय ते तरी सांगा, आणि मी ती पाठ केलेली असम्प्शन्स एका दमात म्हणून दाखवली, अगदी क्रमानं, आणि तरीही मला दिसलं नाही की त्यातलंच एक या ठोकळ्याला लागू पडत नाही, कारण एवढ्या आखूड बीममध्ये छेद सपाट राहत नाही, शिअरमुळं, म्हणजे आतले थर एकमेकांवर सरकू पाहतात त्यामुळं, होणारा फरक इतका मोठा असतो की तो सोडून चालत नाही. उत्तर माझ्याच तोंडात होतं. मी ते सहा सेमिस्टर तोंडात घेऊन फिरत होते आणि कधी गिळलं नव्हतं.

त्या दिवशी मी यू-बानमध्ये, इथल्या मेट्रोत, रडले. आणि खरं सांगायचं तर त्या दिवसापासून मला आपल्याकडच्या शिक्षणाचा राग आहे, तो असा अधूनमधून कुणाच्या तरी मेसेजवर निघतो.

आता मी इथंच शिकवते, दर आठवड्याला वीस-पंचवीस पोरांची युबुंग, म्हणजे गणितं सोडवायचा तास, घेते. क्रिटिकल थिंकिंग असा शब्द आमच्या तासाला कुणी काढत नाही. मी करते ते एवढंच, की गणित देताना त्यातली एक माहिती मुद्दाम देत नाही. बाल्कनीवर किती माणसं उभी राहू शकतील ते काढा, एवढंच देते. माणसाचं वजन किती धरायचं, माणसं नाचणार आहेत की नुसती उभी राहणार, ते त्यांनी ठरवायचं आणि का ठरवलं ते फळ्यावर येऊन सांगायचं. मग बाकीचे त्यावर तुटून पडतात. भारतातून नवीन आलेली मुलं पहिल्या महिन्यात श्प्रेखश्टुंडेला, म्हणजे भेटायच्या ठरलेल्या वेळेला, येऊन हळूच विचारतात, मॅम, त्या गणितात डेटा मिसिंग आहे का? मला त्यांच्या जागी मीच दिसते, आणि मी त्यांच्याशी जरा जास्तच कडक वागते, हेही मला माहीत आहे.

दादाला मी हे सगळं लांबलचक लिहून पाठवलं. शिवाय इतिहासही ऐकवला. मुंबई विद्यापीठ १८५७ साली लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर निघालं ते मुळात परीक्षा घेऊन पदव्या देण्यासाठी, शिकवायचं काम कॉलेजांचं. बर्लिनचं विद्यापीठ १८१० चं, त्याच्या मागं विल्हेल्म फॉन हुम्बोल्ट या जर्मन विचारवंताची कल्पना अशी की शिकवणं आणि संशोधन एकाच ठिकाणी, एकाच माणसानं करायचं. म्हटलं बघ, आपल्याकडं पेपर काढणारा एक, शिकवणारा दुसरा, तपासणारा तिसरा. पोराच्या उत्तराला उत्तर देणारा माणूसच या साखळीत कुठं नाही. त्याला नंतर आकडा दिसतो, बस. २०२० च्या शैक्षणिक धोरणात क्रिटिकल थिंकिंग हा शब्द पुन्हा पुन्हा येतो, पण आला कसा कॉलेजात, तर मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस अशा विषयगटांच्या बावीस क्रेडिटच्या गर्दीत आणखी एक दोन क्रेडिटचा डबा होऊन. प्रश्नपत्रिकेला कुणी हातच लावला नाही. फिजिक्सच्या पेपरात विचार करायला लागत नसेल तर त्याच्या शेजारी विचार करण्याचा वेगळा पेपर ठेवून काय होणार?

दादानं रात्री उशिरा उत्तर दिलं आणि ते मात्र मला झोंबलं. त्यानं लिहिलं की तुझं सगळं पटतं, पण वर्गात शंभरच्या वर पोरं आहेत, प्रॅक्टिकलच्या बॅचेस वेगळ्या, डिपार्टमेंटला परमनंट दोघं आणि बाकीचे तासिका तत्त्वावर, त्यांचे पैसे कधी येतील ते त्यांनाही माहीत नाही. शंभर पोरांच्या उत्तरांना उत्तर कोण देणार, तू येणार का? निम्मी पोरं सकाळी दूध घालून एसटीनं येतात. एमसीक्यू मला आवडतो म्हणून नाही ठेवला, तपासून होतो म्हणून ठेवलाय.

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. आणि मी त्याला काय काय सांगितलं नव्हतं तेही मला आठवायला लागलं. आमच्याकडंही पहिल्या वर्षाच्या लेक्चरला कित्येक शे पोरं बसतात, प्रोफेसरला त्यांची नावं माहीत नसतात. फरक एवढाच की त्या शेकड्यांचे पंचवीस-पंचवीसचे गट पाडायला आम्ही आहोत आणि ट्यूटर म्हणून वरच्या वर्गातली पोरं आहेत, त्यांना तासाचे पैसे मिळतात आणि ते वेळेवर मिळतात. इथंही आल्टक्लाउझुरेन फिरतात, जुने पेपर, ते घोकून पास होणारी पोरं दर सेमिस्टरला दिसतात. तिसऱ्यांदा नापास झालेलं पोर बाहेर जातं, त्याची समजूत काढायला कुणी बसत नाही. दादा मात्र एटीकेटी लागलेल्या पोरांना सुट्टीत घरी बोलावून शिकवतो, मामी त्यांना पोहे करून घालते. मी माझ्या विद्यार्थ्याला पोहे घातले नाहीत कधी. हे मी ग्रुपवर लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर मी हरले असते.

मंगळवारी काम लवकर संपलं तशी मी यू-३ पकडून बर्लिनमधल्याच डालेमला गेले. ईनश्ट्रासे २२. इथं पूर्वी कैझर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्था होती आणि आपली इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या शेवटी इथं पीएचडी करायला आली होती, ऑयगेन फिशर नावाच्या संचालकाच्या हाताखाली. फिशरला कवट्यांच्या मोजमापातून गोरा वंश श्रेष्ठ ठरवायचा होता. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि लिहिलं की वंशाचा आणि कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतल्या असमानतेचा असा काही संबंध दिसत नाही. परक्या देशात, परक्या भाषेत, आपल्याच गाइडच्या विरोधात. डिग्री १९३० ला मिळाली. ही बाई फर्ग्युसनमधून बीए आणि मुंबईतून एमए होऊन आली होती, म्हणजे मी ज्याला नुसतं परीक्षा घेणारं विद्यापीठ म्हणून दादाला ऐकवत होते तिथनंच. आणि जे विद्वान बाहेरून आलेल्या पोरीला प्रश्न विचारायला शिकवणार होते ते बर्लिनचे, हुम्बोल्टच्या शहरातले.

मी त्या इमारतीसमोर बराच वेळ उभी होते. बाहेर त्या काळाबद्दलची पाटी आहे, सायकलवरून पोरं येत-जात होती, आता तिथं पॉलिटिकल सायन्स शिकवतात. मला इरावतीबाईंचा अभिमान वाटला आणि स्वतःची लाज वाटली. कारण मी इथं चौदा वर्षं आहे, कायमचा परवाना आहे, पोरगी इथल्या शाळेत जाते, आणि आमच्या इन्स्टिट्यूटच्या मीटिंगमध्ये मी आजही बोलत नाही. गेल्या महिन्यात एका प्रोजेक्टमध्ये वरिष्ठांनी धरलेलं एक गृहीतक मला चूक वाटत होतं, चूकच होतं, आणि मी वहीत लिहून ठेवलं, मीटिंग संपल्यावर बाकीच्यांसारखी टाळ्यांऐवजी टेबलावर टकटक केली आणि बाहेर पडले. जर्मन मला चांगलं येतं. पण वाद घालताना जे मागं उभं असायला लागतं, की मी चुकले तरी ही माणसं मला टाकणार नाहीत, ते इथं मला अजून वाटत नाही. म्हणून मी दिवसभर गप्प बसते आणि रविवारी आजोळच्या ग्रुपवर भांडते. तिथं मला कुणी टाकत नाही. दादा चिडतो, मामा "राहू दे आता" लिहितात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मामी विचारते, तिकडं थंडी कमी झाली का.

सहकाऱ्यांशी बोलताना मी सांगलीला आमच्याकडं म्हणते आणि दादाशी बोलताना बर्लिनला. त्यानं विचारलं ते बरोबरच होतं.

काल त्याचा फोन आला. म्हणाला एवढा जीव तुटतोय तर शनिवारी ये ऑनलाइन, दुपारी साडेतीनला, तुझ्याकडं बारा वाजलेले असतील, तासभर बोल पोरांशी, त्या क्रिटिकल थिंकिंगच्याच तासाला. मी आधी हो-ना केलं, मग हो म्हटलं. रात्री बसून ठरवलं काय करायचं ते. लेक्चर द्यायचं नाही. त्यांच्याच जर्नलमधलं पहिल्या वर्षाचं प्रॅक्टिकल घ्यायचं, सिंपल पेंड्युलम. झोक्याच्या वेळेचा फॉर्म्युला सगळ्यांना पाठ असणार, आणि प्रिकॉशन्समध्ये 'अँप्लिट्यूड लहान ठेवावा' (म्हणजे झोका लहान ठेवावा) हे वाक्य प्रत्येकानं एकमेकांचं बघून लिहिलेलं असणार, जसं मी बेंडिंगचं लिहिलं होतं. दादाला सांगितलंय, एक मीटर दोरा आणि नट बांधून ठेव, स्टँड उंच घे. आधी थोडंसं ओढून सोडायचं, वेळ मोजायचा. मग दोरा पार आडवा धरून सोडायचा आणि पुन्हा मोजायचा, पहिलाच झोका. वेळ जवळजवळ १८ टक्के जास्त येतो, साध्या मोबाइलच्या स्टॉपवॉचवर कळतो. मग फक्त विचारायचं, फॉर्म्युला चुकला की आपण, आणि गप्प बसायचं, कितीही वेळ लागला तरी.

दादा म्हणाला शंभर जणांत गोंधळ होईल. मी म्हटलं होऊ दे. तो म्हणाला मराठीतच बोल, पोरं इंग्लिशला बुजतात. तेवढ्यावर मात्र आमचं लगेच जमलं.