गरज सरो, सीडर मरो

टॉरेंटवरून, म्हणजे थेट एकमेकांच्या यंत्रांवरून, फाइल पूर्ण उतरली रे उतरली की पहिलं काम करा: प्रोग्राम बंद. खिडकीवरच्या फुलीने भागत नाही. तो लबाड स्क्रीनच्या कोपऱ्यात दडून बसतो आणि तुमच्या नकळत तुमच्याकडच्या फाइलचे तुकडे परक्यांना वाटत राहतो. तिथे जाऊन मुळापासून बंद करा. आपलं जेवण झालं, आता सीडर (पूर्ण फाइल हाती असून ती वाटत राहणारा) होऊन इतरांना वाढायला कशाला उभं राहायचं?

लाजू नका. २००० साली एडार आणि ह्यूबरमन या संशोधकांनी ग्नुटेला या फाइल वाटायच्या जाळ्यावर मोजणी केली, तेव्हा सुमारे ७० टक्के लोक एकही फाइल वाटत नव्हते आणि फाइल शोधणाऱ्यांना जवळजवळ निम्मी उत्तरं जेमतेम १ टक्का यंत्रांकडून येत होती. बहुमत आपलंच आहे.

शिवाय आता मध्ये कोणी नाही. गाणी वाटायच्या नॅप्स्टरवर फाइली लोकांच्या यंत्रांवर असल्या तरी यादी मधल्या सर्व्हरवर असायची. २००१ मध्ये कोर्टाच्या दणक्याने ते बंद पडलं. आता मालक नाही, म्हणजे जाब विचारणाराही नाही.

घोळ घातला तो ब्रॅम कोहेनने. त्याच वर्षी त्याने बिटटॉरेंट आणलं. फाइलचे तुकडे करायचे, हाती आलेला तुकडा लगेच पुढे द्यायचा, आणि जो देतो त्यालाच आधी द्यायचं. चांगुलपणावर विसंबणंच नाही! पण पळवाट त्यानेच ठेवली आहे. दर ३० सेकंदांनी एखाद्या भलत्यालाच, त्याने काही दिलेलं नसलं तरी, संधी मिळते. ज्यांच्याकडे द्यायला अजून काहीच नाही अशा नवख्यांसाठी ही सोय. आपण अपलोड नावापुरतं ठेवायचं आणि जन्मभर नवखं राहायचं. (रद्दी तुकडे मात्र खपवू नका, प्रत्येक तुकड्याचा हॅश, म्हणजे त्याच्या मजकुरावरून काढलेला ठसा, तपासला जातो. एवढाही विश्वास नाही माणसावर.)

मग एका रात्री गाडी ९९.४ टक्क्यांवर अडेल. सीडर: शून्य. सोबतीला सदतीस जण, सगळे ९९.४ वरच, सगळ्यांना हवा तोच एक तुकडा. दुर्मिळ तुकडा आधी उचलायचा हा प्रोग्रामचा शहाणपणा इथे कामाचा नाही. जो कोणाकडेच नाही तो उचलणार कुठून? अशा वेळी मनापासून चिडा. लोकांना द्यायची दानतच उरली नाही, असं मोठ्याने म्हणा. दर पाच मिनिटांनी पडदा उघडून बघा.

पहाटे कधीतरी यादीत एक सीडर उगवेल. पट्टी हलेल, १०० होईल, आणि दुसऱ्याच क्षणी तो गायब. त्यानेही हाच सल्ला वाचलेला दिसतो.

आता तो तुकडा फक्त तुमच्याकडे आहे आणि सदतीस जण तुमच्याकडे बघताहेत. फुली कुठे असते ते माहीत आहे ना? खिडकीवरची नव्हे हो, ती कोपऱ्यातली.