पाहुण्यांचा अर्धा दिवस

रविवारच्या उपासनेत पाळकसाहेबांनी नहेम्यावर उपदेश केला. यरुशलेमेचा पडका तट त्यानं 52 दिवसांत उभा केला. मग महापुरात पडलेलं एका आजीचं घर आपल्या मंडळीला चार दिवसांत उभं करता येणार नाही का, असा सवाल आला. मी दुसऱ्या रांगेत होतो. त्या रांगेतल्या माणसाला मान खाली घालायची सोय नसते. हात वर गेला. घरी आल्यावर बायको एवढंच म्हणाली, "आपल्याकडं खिळा मारायला शेजारचं पोरगं येतं नव्हं?"

ही गोष्ट 2019 सालची. कोल्हापुरात पावसाळ्यात माणसं एकमेकांची तब्येत नंतर विचारतात, आधी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची. 39 फुटांवर इशारा, 43 वर धोका. त्या ऑगस्टात पंचगंगा 55 फुटांच्याही वर गेली. आजीचं घर पांढऱ्या मातीच्या भेंड्यांचं, म्हणजे न भाजलेल्या कच्च्या विटांचं. अशी भिंत पाण्यात पडत नाही, विरघळून खाली बसते. तशी नदीकडची बसली होती आणि तिच्याबरोबर निम्मी कौलंही.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सहा जण पोचलो. एक निवृत्त मास्तर, तरुण संघाची तीन पोरं, एक कंपाउंडर आणि विमा कार्यालयात फायलींना दोऱ्या बांधणारा मी. सगळ्यांचे हातमोजे कोरे. विटांचं काम मिस्त्रीनं आधीच उरकलं होतं, आमच्यासाठी गिलावा आणि कौलं ठेवली होती. वडगावच्या बाजारात म्हाताऱ्या बैलाकडं बघावं तसं त्यानं आम्हाला न्याहाळलं आणि माझ्या हातात थापी दिली.

गिलावा लांबून फार सोपा दिसतो. फळीवरचा माल थापीवर घ्यायचा आणि मनगटाच्या झटक्यानं भिंतीवर मारायचा. मिस्त्रीचा माल 'चप्प' असा आवाज करून जिथं पडेल तिथं राहायचा. माझा भिंतीला भेटून परत माझ्याच चपलेवर यायचा. त्यात पाणी पडलं की अर्ध्या तासात सिमेंट आवळायला लागतं, आणि मला नुसता पवित्रा घ्यायलाच वीस मिनिटं लागत होती. "पावनं, मारायचाय त्यो! भितीला काय आंघोळ घालताय व्हय?"

आजी उंबऱ्यावर बसून हे बघत होती. शेवटी तिला राहवलं नाही. "सर बाबा, मी मारतो," म्हणत उठली. (आमच्याकडच्या बायका 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात, परगावच्यांनी दचकू नये.) तिनं पदर खोचला, थापी बाजूला ठेवली आणि हातानंच मुठभर माल भिंतीवर हाणला. चप्प. जन्मभर माती लिंपलेला हात तो. वरून मलाच म्हणाली, "दमलास लेकरा, च्या घे."

दुपारपासून माझी बदली वाळू चाळायला झाली. वाळूवर घर बांधणाऱ्या मूर्ख माणसाचा दृष्टान्त आम्ही संडे स्कूलमध्ये तोंडपाठ केला होता. ती वाळू आधी चाळून घ्यावी लागते, हे कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कौलं. ती वळचणीपासून आढ्याकडं चढत जातात, म्हणजे वरचं खालच्यावर बसतं आणि पाणी आत येत नाही. माझ्या हातून मात्र कौलं उलट्या दिशेनं, वरून खाली गेली. पाच. आजी मोजत होती. त्यानंतर मला शिडी धरायला ठेवलं. मी शिडी धरायचो आणि मास्तर मला धरायचे.

जेवणाचा मात्र खंड पडला नाही. ज्या घरात आम्ही मदतीला गेलो होतो, त्याच घरात रोज आमच्यासाठी भाकरी, झुणका आणि खर्डा होत होता. तिथं माझा हात चांगला चालायचा.

तिसऱ्या दिवशी मिस्त्रीनं माझ्या गिलाव्यावर ओळंबा सोडला. दोरी मधेच भिंतीच्या पोटाला टेकली. बराच वेळ तो गंभीरपणे बघत राहिला आणि मग त्यानं विचारलं, "हिला कितवा लागला?" आजी पदर तोंडाला लावून हसली. कंपाउंडरही हसला, हे मला अजून लागलेलं आहे. तेवढा तुकडा खरवडून मिस्त्रीनं नव्यानं केला. मी मुकाट्यानं घमेली दिली.

घर झालं. पुढच्या रविवारी उपासनेनंतर पंचांपुढं हिशेब वाचला गेला. सिमेंट, वाळू, कौलं (पाच जादा), मिस्त्रीची मजुरी चार दिवस. आणि खाली त्याच्याच अक्षरात आणखी एक ओळ होती: 'पाहुण्यांचं काम परत केलं – अर्धा दिवस.'

खजिनदारांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. ती अर्ध्या दिवसाची मजुरी मी गुपचूप दानपिशवीत टाकली. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, असं शास्त्रात आहे. पण टाकली डाव्यानंच. उजवा खांद्याच्या वर जात नव्हता.