विडालच्या रिपोर्टबद्दलच्या तक्रारीला उत्तर

दादा, तुमचा रिव्ह्यू वाचला. तुमच्या भावाच्या तापाच्या दुसऱ्या दिवशी विडाल, म्हणजे टायफॉईडची रक्ततपासणी, करून आम्ही टायफॉईड म्हणालो, पाचव्या दिवशी बेळगावात त्याला डेंग्यू निघाला, तोवर नको ती औषधं गेली. खानापूरची ही लॅब म्हणजे लूट, किटही जुनं असणार, असं तुम्ही लिहिलंय. पेशंटची माहिती मी चारचौघांत सांगणार नाही. रिपोर्टचा फोटो तुम्हीच टाकलाय, तेवढ्यापुरतंच बोलतो.

किट मुदतीतलं होतं. टी-ओ (टायफॉईडच्या जंतूविरुद्धच्या एका अँटिबॉडीचं मोजमाप) १:८० आलं, तेही आम्ही बनवलेलं नाही. पण विडाल जंतू शोधत नाही, त्याच्याविरुद्ध अंगात तयार झालेल्या अँटिबॉडी बघते, आणि त्या दिसायला साधारण आठवडा लागतो. मग दुसऱ्या दिवशी १:८० कुठून आलं? बहुतेक जुनंच, कधीतरी होऊन गेलेल्या तापाचं. आपल्याकडे धडधाकट माणसाचं रक्त घेतलं तरी एवढं निघतं की. डेंग्यूतही विडाल खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते.

हे सगळं माहीत असून आमच्या रिपोर्टवर ठळक 'पॉझिटिव्ह' छापलं, खाली खुलाशाची एक ओळ नाही. ही चूक आमची, माफी मागतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर विडाल आणि सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी) एवढंच होतं हे खरं, पण ताप कितवा दिवस हे काउंटरवर कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर डॉक्टरांना फोन लावून एनएस-१ ही डेंग्यूची तपासणी सुचवता आली असती. तिच्यात डेंग्यू पहिल्या चार-पाच दिवसांतच नीट सापडतो, पुढे आयजीएम (डेंग्यूविरुद्धची अँटिबॉडी) बघावी लागते. पांढऱ्या पेशी ३,२०० म्हणजे कमी होत्या, तिथं डेंग्यूची शंका यायला हवी होती. पण टायफॉईडमध्येही त्या कमी होतात, नुसत्या त्यावरून सांगता येत नाही.

टायफॉईड पक्का करायचा तर ब्लड कल्चर (रक्तातला जंतू वाढवून बघणं), तेही अँटिबायोटिक सुरू व्हायच्या आधी. महाग पडतं, दोन-तीन दिवस थांबावं लागतं, त्यातूनही कधी जंतू निसटतो. म्हणून सगळे विडालवर भागवतात, आम्हीही.

दोन्ही ताप एकदम झालेले पेशंटही असतात, तेव्हा चालू औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. आणि ताप उतरला म्हणून लगेच घरी आणायची घाई नको, डेंग्यूत तेच दोन दिवस जपायचे असतात.

विडालचे पैसे परत घेऊन जा, काउंटरवर सांगून ठेवलंय. रविवारी दुपारी एकपर्यंत मी स्वतः असतो.