लाल रकाना पाहून गोळी बंद?

नमस्कार. ‘गल्लीतल्या डॉक्टरांना मनाच्या औषधांच्या जनुकीय चाचण्या (जनुकं पाहून औषध-डोस सुचवणाऱ्या) शिकवणं म्हणजे लॅबवाल्यांचा गल्ला भरणं, हे सगळं थोतांड आहे,’ असं तुम्ही लिहिलंत. भांडुपला दवाखाना चालवतो, कट प्रॅक्टिस, म्हणजे पेशंट पाठवल्याचं कमिशन, जवळून पाहतो, राग समजतो. पण शिकवायचंय ते चाचणी लिहायला नव्हे. बऱ्याचदा ती लिहू नये, आणि पेशंट रिपोर्ट घेऊनच आला तर तो वाचता यावा, एवढ्यासाठी.

गेल्या पावसाळ्यात एक बाई आल्या. मुलाने ऑनलाइन चाचणी मागवलेली, आणि रिपोर्टात त्यांची डिप्रेशनवरची गोळी, एस्सिटॅलोप्रॅम, लाल रकान्यात. त्या गोळीवर दोन वर्षं छान चाललं होतं, रोज लोकलने कामावर जात होत्या. लाल रंग पाहून त्यांनी गोळी परस्पर बंद केली. आठवड्याभरात चक्कर, रडू, डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके!

लाल रकान्याचा अर्थ एवढाच, की त्यांचं सीवायपी२सी१९ हे एन्झाइम मंद आहे, औषध रक्तात जास्त साचतं, म्हणून डोस बेताचा हवा. त्यांचा होता ५ मिलिग्रॅम. आणखी काय बेताचा करणार? गोळी गुण देईल की नाही, हे तो रिपोर्ट सांगत नाही.

तुमच्या बाजूचा पुरावाही देतो. डिप्रेशनच्या १,९४४ अमेरिकी माजी सैनिकांवरचा अभ्यास २०२२ मध्ये छापून आला. चाचणीमुळे डॉक्टरांची औषधांची निवड बदलली, सुरुवातीला थोडा फायदाही दिसला. पण २४व्या आठवड्यात आजारातून बाहेर आलेल्यांच्या प्रमाणात म्हणण्यासारखा फरक उरला नव्हता.

‘सगळं थोतांड’ मात्र मान्य नाही. कार्बामाझेपाइन या औषधाचं उदाहरण घ्या. बायपोलरला देतात, आणि चेहऱ्याच्या नसेच्या कळांसाठी आम्ही जीपीही लिहितो. एचएलए-बी १५:०२ हे जनुकाचं रूप असेल तर स्टीव्हन्स-जॉन्सनचा धोका वाढतो: कातडी सोलवटते, तोंड-डोळे फोडांनी भरतात, जीवही जातो. ते आशियाई वंशाच्या लोकांत जास्त सापडतं, म्हणून अमेरिकेच्या औषध नियामक एफडीएने २००७ मध्येच औषधाआधी तपासणी सुचवली. हे गल्लीतल्या डॉक्टरला नको ठाऊक?

त्या बाईंची गोळी त्यांच्या मानसोपचारतज्ज्ञांना फोन करून त्याच दिवशी पुन्हा सुरू केली. रिपोर्ट फाडायला निघाल्या होत्या, मी फाइलला लावून ठेवला. उद्या हृदयासाठी क्लोपिडोग्रेल द्यायची वेळ आली, तर ते औषध कामाला लावणारं एन्झाइमही हेच.